सध्याचा वापर

एकोणीसशे अठ्ठेचाळीसच्या दिवाळीत मी माझ्या गावाचा नकाशा काढला. चांगला निघाला. इतका चांगला की कॉलेजात भिंतीला लागला. त्याचीच ही गोष्ट, आणि ती सांगायला मला अजून जड जातं.

आमचं गाव उंब्रजच्या अलीकडं दोन मैलांवर, मोठ्या रस्त्याला लागून. मी शिकायला सांगलीला. जमीन मोजायची, तिचे प्लॉट पाडायचे, रस्ता कुठनं काढायचा, गटार कुठं न्यायचं, बाजार कुठं, शाळा कुठं, असलं शिक्षण. घरात कुणाला ते सांगून कळायचं नाही. आई शेजारणीला सांगायची, जोती मोजणीदार व्हायला गेलाय. थोरला भाऊ मानसिंग पलटणीत, वडील, आबा, तेही पलटणीतनंच पेन्शन घेऊन आलेले, आणि मी हा असा. कॉलेजात जायच्या आधी मी एकट्यानंच मोजणी शिकलो होतो, बैलाच्या कासऱ्याला गाठी मारून.

कॉलेजातली निम्मी पोरं वाईची, साताऱ्याची, सांगलीतल्या पेठांतली. त्यांच्यात मी जपून बोलायचो. हाय न म्हणता आहे म्हणायचो. भाकरीचं फडकं खोलीचं दार लावून सोडायचो.

घारपुरे सरांनी सांगितलं, मोठ्या रस्त्याकाठचं एक गाव घ्यायचं आणि त्याची वाढ आखायची. असं गाव कुणाचं आहे? मी हात वर केला. वर करताना छाती फुगली होती, हे खरं सांगतो.

आम्ही सातजण आणि सर चार दिवस गावच्या शाळेत उतरलो. जेवण लालासाहेबांकडं. गाव आणि रस्ता यांच्या मधली बरीचशी जमीन लालासाहेबांची, म्हणून नकाशाची घाई आमच्यापेक्षा त्यांना. रोज सकाळी फेटा बांधून यायचे आणि विचारायचे, किती घरं बसतील?

मोजणीची साखळी ओढायला गडी पाहिजे होता. आबा म्हणाले, मी येतो. पलटणीतली खाकी अर्धी चड्डी, पायात टायरच्या वहाणा, डोक्याला मुंडासं. हे माझे वडील, असं मी कुणाला सांगितलं नाही. सगळं गाव त्यांना आबाच म्हणायचं, त्यामुळं मी आबा म्हटलं तरी कुणाच्या ध्यानात आलं नाही. आबांच्या मात्र आलं असणार. चार दिवस त्यांनी मला साहेब म्हटलं.

तिसऱ्या दिवशी आम्ही गावाच्या मावळत अंगाला पोचलो. तिथं शेराच्या झाडांचं दाट कुंपण आणि मधे घाणेरीची झुडपं, तीस गुंठ्यांचा तुकडा, लालासाहेबांचाच. आबा साखळीचं टोक धरून पुढं चालले होते. शेराशी आले आणि थांबले.

"साहेब, ह्याच्या म्होरं मी येत न्हाई."

सरांनी विचारलं, का? आबा साखळीच्या कड्याकडं बघत राहिले. मग म्हणाले, रेघ वळसा घालून घ्या. वाईचा नारायण हसला. हवालदार सापाला भितात काय, असं काहीतरी बोलला.

आबा का थांबले ते मला माहीत होतं. गावात ज्याला त्याला माहीत होतं. त्या शेराच्या आत गावच्या बायका परसाकडं जायच्या. गोदरी. उजाडायच्या आत एकदा आणि दिवस बुडाल्यावर एकदा. त्या वेळेला गडीमाणूस त्या वाटेला पाऊल टाकत नसे. चुकून कुणी आलाच तर आतनं एखादी बाई खाकरायची, की तो आल्या पावली माघारी. भर दुपारीसुद्धा तिथनं जाणारा मान वळवून जायचा. जागेचं नाव कुणी घेत नसे. तिकडं, एवढंच म्हणायचं.

मी आबांच्या हातातनं साखळी घेतली आणि आत शिरलो. पाय बघून टाकत होतो. मागनं नारायण झेंडी घेऊन, नाकाला रुमाल लावून.

"काय रे आहे काय इथं?"

"मेलेलं जनावर असेल," मी म्हणालो. "पडीक आहे."

मागं वळून बघितलं तर आबा शेराकडं पाठ करून, रस्त्याकडं तोंड करून उभे होते. आत बायका असाव्यात तसे.

संध्याकाळी शाळेत तक्ता भरायला बसलो. प्रत्येक तुकड्यापुढं मालक कोण, क्षेत्र किती, माती कसली आणि शेवटचा रकाना सध्याचा वापर. सर एकेक विचारत होते, मी सांगत होतो आणि लिहीत होतो. तो तुकडा आला. सरांनी विचारलं, सध्याचा वापर? सहाही पोरं माझ्या तोंडाकडं बघत होती. नारायणचा रुमाल अजून हातात होता.

"काही नाही, सर."

आणि तसंच लिहिलं. अक्षर माझं पहिल्यापासून वळणदार.

त्या तुकड्यावर चौदा प्लॉट बसले. दोन रस्ते, मधे विहीर. जाताना सरांनी नकाशाची आणि तक्त्याची मी उतरवलेली एक प्रत लालासाहेबांना दिली.

थंडीत घरचं पत्र आलं नाही. आमच्यात लिहिणार कोण? आबांना सही येते, एवढंच. शिमग्याच्या सुट्टीला मी गावी आलो. मोटारीतनं उतरलो आणि रस्त्यावरनंच दिसलं, शेर नव्हता. घाणेरी नव्हती. चोहोबाजूंनी लष्कराच्या लिलावातली काटेरी तार ओढलेली आणि आत चुना लावलेले दगड, दगडांवर आकडे. माझेच आकडे, माझ्याच क्रमानं.

काय वाटलं सांगू? आनंद झाला. बोचकं खाली ठेवून मी तारेवरनं वाकून सात नंबरचा कोपरा डोळ्यांनी ताडला. वीतभरसुद्धा चुकला नव्हता. पळतच घरी गेलो.

घरी उमावहिनी चुलीपुढं होती. मानसिंगदादाची बायको. सातवा महिना. डाव्या हाताला मनगटापासून कोपरापर्यंत चिंधी बांधलेली आणि त्या हातात एकही बांगडी नाही. काय झालं विचारलं तर म्हणाली, विहिरीवर पाय सरकला. आईनं माझ्यापुढं ताट सारलं. प्लॉटबद्दल मी बोलायला लागलो तेव्हा आबा उठून बैलांकडं गेले.

दुसऱ्या दिवसापासून शाळूची ज्वारी काढायला लागलो. शाळू उपटायचा असतो. बुडख्याशी दोन्ही मुठी आवळायच्या, कंबरेत वाकून हिसडा द्यायचा, मुळाची माती पायावर झटकायची, आडवा टाकायचा. तासाभरात माझ्या तळहाताला फोड आले. सांगलीत पेन्सिल धरून हात मऊ पडले होते. मानेत धूळ, घामानं तिची खाज. सावडीला, कामाच्या बदल्यात कामाला, शेजारची अंबूबाई आली होती. म्हातारी, पण माझ्या दोन ओळी व्हायच्या तोवर तिच्या तीन.

बाभळीखाली पाण्याचा डेरा होता. मी चारदा जाऊन प्यालो. आई एकदाच आली, चूळ भरली आणि थुंकली. वहिनीनं ओठ ओले केले, बास. तिचे ओठ फुटले होते. दुपारी दोघींनी मिळून एक भाकरी खाल्ली. मी म्हणालो, वहिनी, पाणी पी, अशा दिवसांत उपाशी राहू नये. तिनं पदर ओढून घेतला आणि ओळीला लागली.

संध्याकाळी बघितलं तर रस्त्याकडच्या कोपऱ्यात आईनं पाचसहा ओळी तशाच उभ्या ठेवलेल्या. मी त्या उपटायला गेलो. आई म्हणाली, राहू दे. कशाला म्हटलं तर म्हणाली, पाखरास्नी.

दुसऱ्या दिवशी ऊन जास्तच होतं. वहिनी ओळीतच खाली बसली, डोळ्यापुढं अंधारी आली म्हणाली. मी तांब्या भरून आणला. ती घेईना. मी आईवर चिडलो. तुम्हाला झालंय तरी काय, असं मोठ्यानं म्हणालो.

अंबूबाईनं कंबर सरळ केली.

"पानी पिऊन जायाचं कुटं, ते सांग आदी."

"गप, अंबू," आई म्हणाली.

"गप का म्हणून? शिकल्याला हाय न्हवं त्यो?" तिनं हातातला शाळू खाली टाकला आणि माझ्याकडं बघूनच बोलली. शाळू उभा होता तोवर निभलं, म्हणाली, ज्याच्या त्याच्या शेतात बसत होतो. आता रस्त्यापतोर रान उघडं पडलं. गावच्या बायका कोंबडं आरवायच्या आत उठून रस्त्याच्या चारीत जातात. मोटार आली की दिव्याचा उजेड पडतो. उजेड पडला की सगळ्या उठून तोंड फिरवून उभ्या राहतात. मोटार गेली की बसायचं. लगेच दुसरी.

"धा डाव उठायचं, धा डाव बसायचं. तुज्या बापाला पलटणीत कवायत नसंल एवढी. परवा ही पोटुशी बाई गडबडीनं उठली आन चारीत दगडावर पडली. लॉरीवाला हारन वाजवून हासत ग्येला." 

वहिनी मान खाली घालून बसली होती.

"आन ठावं न्हवतं म्हनू नगंस, जोती. बोटाला धरून न्हेत हुती तुला तुजी आई. माज्या म्होरं बसायचास आन शेरावरल्या चिमन्या मोजायचास."

मी वाकलो आणि शाळू उपटायला लागलो. आणि मग लक्षात आलं की मी जो शाळू उपटतोय तो बायकांचा आडोसा आहे. हात थांबले. पण पीक काढलं नाही तर दाणा गळणार. परत उपटायला लागलो. कोपऱ्यातल्या पाचसहा ओळींकडं बघायचं धाडस झालं नाही.

दिवस कलल्यावर मी आबांना म्हणालो, लालासाहेबांकडं जाऊया. आबा मुंडासं बांधून निघाले.

लालासाहेब ओट्यावर होते, चार माणसं बसलेली. आम्हाला बसायला सांगितलं, चहा सांगितला. आबा बसले नाहीत. जोत्याखाली उभे राहून म्हणाले, आवं, कोपऱ्यातली दोनचार गुंठं मोकळी सोडली तर बरं हुईल, बायामानसांची लय अडचन हुतीया. एवढंच. एवढं बोलायलाही त्यांनी दोनदा मुंडाशाला हात लावला.

लालासाहेबांनी आतनं कागद मागवला. माझ्या पुढ्यात धरला. बोट त्या ओळीवर.

"वाच."

मी वाचलं.

"मोट्यानं वाच की. कालिजातला हाईस."

"सध्याचा वापर, काही नाही."

"अक्षर कुनाचं?"

"माझं."

"मंग आता काय हुतं म्हनतोस तितं? सांग ह्या चौगात."

ओट्यावरची माणसं खाली बघायला लागली. एकजण मिशीतल्या मिशीत हसला. मी तोंड उघडलं. शब्द साधा होता, लहानपणापासून माहीत असलेला. निघाला नाही. आबा माझ्याकडं बघत होते. मी वहाणेच्या अंगठ्याकडं बघत उभा राहिलो.

लालासाहेबांनी कागदाची घडी घातली. आवाज चढवला नाही. "मला बी ठावं हाय, गड्या. माज्या घरच्या बायका परड्यात जात्यात, म्हनून म्या डोळं झाकलं. त्ये माजं पाप. पर घेनारांनी तुजा कागद बगून जागा घेतल्याती. आता तार निघायची न्हाई. च्या घेऊन जा."

चहा न घेता आम्ही निघालो. वाटेत आबा माझ्यापुढं दहा पावलं. मला वाटलं, आता बोलतील. शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. घराशी आल्यावर थांबले.

"सकाळच्या पारी साखळी काड."

"साखळी कॉलेजात असते, आबा."

"मंग कासरा काड."

सकाळी आबा मला आईनं शाळू उभा ठेवला होता त्या कोपऱ्यात घेऊन गेले. आमच्या चार एकरातली ती सगळ्यात काळीभोर माती. टिकाव, खोरं, पाटी आणि मी गाठी मारलेला कासरा. आबा म्हणाले, दोर धर, रेघ सरळ पाहिजे.

"तीन फूट लांब, एक फूट रुंद, दोन फूट खोल. माती मागल्या अंगाला. दोन चरांत दोन पावलं." ते पाठ असल्यासारखं बोलत होते. "इटलीत जितं मुक्काम पडायचा तितं आदी ह्ये खनायचं, मंग तंबू."

कॉलेजात मी गटारं शिकलो होतो, बाजार, शाळा, विहीर, रस्त्याची रुंदी. माणसांनी परसाकडं जायचं कुठं, हा विषय कुणी काढला नव्हता आणि मीही कुणाला विचारलं नव्हतं. मी कासरा ताणून धरला. आबांनी पहिला टिकाव घातला.

जमीन वाळून भेगाळलेली. वरचं वीतभर टणक, खाली गारवा. शाळूचे फोड टिकावाच्या दांड्यावर फुटले. पाणी, मग रक्त. हाताला चिंधी गुंडाळली. रस्त्यानं जाणारे थांबायचे. हवालदार, सोनं लागलं का? एकजण म्हणाला, असलं काम आपल्यातल्यांनी करायचं व्हय? ह्ये काम करनारी मानसं येगळी हायती की. आबांनी मान वर केली नाही. मग लालासाहेबांच्या ओट्यावर मिशीत हसला होता तोच आला.

"जोती, कालिजात ह्येच शिकवत्यात व्हय रं?"

मी उत्तर शोधत होतो. आबा खोऱ्यावर रेलून म्हणाले, "न्हाई. हितं शिकतुया."

दिवसभरात आठ चर झाले, दुसऱ्या दिवशी चार. भोवती आडोसा पाहिजे, पाचसहा ओळी पुरणार नव्हत्या. आबांनी बैलांसाठी रचलेल्या बडमीतनं कडबा काढला. आई म्हणाली, वैशाखात बैलं काय खातील? आबा म्हणाले, बगू. पेंढ्या उभ्या करून, मेसकाठ्यांना बांधून डोईइतका कूड केला. वाट वळवून घेतली, म्हणजे रस्त्यावरनं आतलं दिसू नये. वळण मी आखलं. आयुष्यात आखलेलं ते पहिलं वळण, ज्याचा नकाशा नव्हता.

त्या संध्याकाळी कुणी आलं नाही. आई आणि वहिनीही गेल्या नाहीत. पुरुषांनी आखलेल्या, गावानं दोन दिवस चेष्टा केलेल्या जागेत पहिली कोण जाणार?

पहाटे वारं सुटलं. कूड पडला असेल म्हणून मी उठून गेलो. दोन पेंढ्या सुटल्या होत्या, त्या बांधत होतो. मागं खाकरल्याचा आवाज आला. बाईचा.

पळायला वेळ नव्हता. वाट एकच. मी होतो तिथंच पाठ फिरवली आणि रस्त्याकडं तोंड करून उभा राहिलो. जोडव्यांचा आवाज जवळ आला. एकीचा नाही, चौघीपाचजणींचा. माझ्या पाठीमागनं सरकत आत गेला. मी पाऊल उचललं.

"हालू नगंस," अंबूबाई आतनं म्हणाली. "ऱ्हा हुबा तसाच. मोटार आली तर तुज्याकडं बगंल."

आतनं दबकं हसू आलं. त्यात एक हसू आईचं होतं, मला ओळखता आलं.

उंब्रजकडनं एक लॉरी आली. दिवे थेट माझ्या तोंडावर. डोळे दिपले, पाणी आलं. मी हात आडवा धरला नाही. लॉरीवाल्यानं हॉर्न वाजवला. तो गेला. मागनं कुणीही उठल्याचा आवाज आला नाही.

त्या दुपारी खळ्यावर वहिनीनं तांब्या तोंडाला लावला. घटाघटा प्यायली. पाणी हनुवटीवरनं गळ्यात, गळ्यातनं चोळीवर. तांब्या उपडा करून तिनं आईकडं दिला. आईनं डेऱ्यात बुडवून भरला, आणि तिनंही सगळा संपवला. मग परत भरला. मी कणसं बडवत होतो. कुणी माझ्याकडं बघितलं नाही. 

सुट्टी संपून सांगलीला आलो. नकाशा होता तिथंच, दारातनं आत शिरलं की डाव्या हाताला, शेजारी तक्ता. आठ दिवस मी त्याच्यापुढनं मान वळवून गेलो, लहानपणी त्या शेरापुढनं जायचो तसा. नवव्या दिवशी वर्ग सुटल्यावर टाक आणि दौत घेऊन गेलो. काही नाही यावर रेघ मारली. वर लिहिलं, गावच्या बायकांची गोदरी. अक्षर वळणदार आलं नाही. खाली सही केली आणि तारीख घातली.

दुसऱ्या दिवशी सरांनी भर वर्गात मला उभं केलं. तक्ता त्यांच्या टेबलावर होता. सगळी पोरं वळून बघत होती. नारायणही. सरांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला. मग विचारलं, ते साखळी धरणारे आबा, ते म्हणूनच त्या शेराशी थांबले होते का?

"हो सर. ते माझे वडील."

"मग तेव्हाच का नाही लिहिलंत?"

"लाज वाटली, सर."

"आणि आता?"

मी खाली बघितलं. तळहातावरचे फोड वाळून त्यांची साल निघत होती.

"आता बी वाटती, सर."